मंडळीत घरटी एकच मत म्हणायलेत, मग बायकांचं मत कुठं गेलं?

जालन्याची_सिस्टर

जय ख्रिस्त सगळ्यांना. बऱ्याच दिवसांपासून इथं वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नर्स आहे. ड्युटी शिफ्टची, त्यामुळं दर रविवारी उपासना मिळतेच असं नाही. पण मागच्या रविवारी मुद्दाम ड्युटी बदलून गेलते कारण आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, वार्षिक सभा होती आणि नव्या कमिटीच्या निवडणुकीचं ठरणार होतं. मंडळीचं नाव लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये मला.

तर सभेत एका वडीलधाऱ्या मेंबरनं ठराव मांडला की यंदापासून घरटी एकच मत ठेवू, कुटुंबप्रमुखाचं. एका घरातली चार मतं चार दिशेला जातात, घरात तंटे होतात, म्हणून. त्यांच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या कुठल्यातरी पास्टरचा व्हिडिओ आलता, हिंदीत केलेला, की तिकडं काही मंडळ्यांत असंच आहे आणि देशाच्या निवडणुकीतही असंच पाहिजे. मग त्यांनी बायबलातलं १ करिंथ १४:३४ काढून मोठ्यानं वाचलं, 'स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे'. आणि खरं सांगते, आम्ही सगळ्या बायका गप्पच बसलो. वचन वाचल्यावर काय बोलणार? पास्टर म्हणले पुढच्या सभेत बघू.

आता माझ्या घरचं बघा. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा घरी येतो. घरात सासूबाई, मी, एकोणीस वर्षांची मुलगी आणि धाकटे दीर. रजिस्टरला कुटुंबप्रमुख म्हणून दिरांचं नाव लागलंय, जे नाताळ आणि ईस्टर सोडून देवळात दिसत नाहीत. सासूबाईंनी चाळीस वर्षं देवळातल्या सतरंज्या घातल्या, आजारी माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या, आणि त्यांचं मत आता दीर देणार.

मला रडू आलं ते वेगळ्याच कारणानं. माझ्या आईची आई, आम्ही तिला मोठीआई म्हणायचो, ती नेहमी एक गोष्ट सांगायची. निजामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरात गेलं आणि मग आपल्याकडं सरसकट सगळ्यांना मत मिळालं ते पहिल्यांदा १९५२ च्या निवडणुकीत. त्याच्या आधी नावं लिहून घ्यायला माणूस आलता. आजोबा म्हणले लिहा, माझी घरवाली. मोठीआई आतून बाहेर आली आणि म्हणली, मला नाव आहे. तिच्या माहेरी तिला नुसतं 'पोरी' म्हणायचे, सासरी 'अगं'. बाप्तिस्म्याला मिशनच्या मिससाहेबांनी तिला बायबलातलं नाव दिलतं आणि रजिस्टरात शाईनं लिहिलतं. ती म्हणायची, 'देवाच्या वहीत माझं नाव हाय, तर सरकारच्या वहीत का नको?' मग तिनं मतदान केलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह, आपण आपला कागद ज्या पेटीत टाकायचा त्या पेटीत टाकायचा. कुठल्या पेटीत टाकला ते तिनं आजोबांना मरेपर्यंत सांगितलं नाही.

नंतर मी वाचलं की त्या पहिल्या निवडणुकीत देशभरात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची आई, तमक्याची बायको' एवढंच सांगितलं होतं. जास्त करून बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान तिकडं. मोठीआई त्या २८ लाखांत गेली नाही कारण तिचं नाव देवळानं लिहून ठेवलतं. आणि आता तेच देऊळ म्हणायलंय की घरटी एक.

मला भांडायचं नाहीये. मला वचनातून उत्तर पाहिजे. कुणी जाणकार असेल तर सांगा.

मास्तर_अंबड

सिस्टर, आधी तुमच्या मोठीआईला माझा सलाम. मी रिटायर्ड शिक्षक, पंचवीस एक वर्षं संडे स्कूल घेतलंय, थिऑलॉजी शिकलेला नाही पण बायबल वाचलंय.

त्या वडील मेंबरला म्हणावं चौतिसावं वचन वाचलंत ते बरोबर, पण अख्खा चौदावा अध्याय वाचा. त्या एका अध्यायात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तीन वेळा गप्प राहा म्हणतो. अठ्ठाविसाव्या वचनात अन्य भाषेत बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारा कुणी नसेल तर. तिसाव्यात संदेश देणाऱ्याला, दुसऱ्याला काही प्रकट झालं तर. आणि मग चौतिसाव्यात बायकांना. करिंथच्या मंडळीत सगळे एकदमच बोलायचे, गोंधळ व्हायचा, त्याला शिस्त लावायलाय तो. पहिल्या दोघांना कायमचं गप्प बसवलं असं कुणी म्हणत नाही, मग तिसरीलाच का? आणि याच पत्रात तीन अध्याय आधी, अकराव्याच्या पाचव्या वचनात, बाई प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं कसं ठेवील ते सांगतोय. म्हणजे ती सभेत बोलत होती हे त्याला ठाऊकच होतं. गप्प बसायचंच असतं तर डोक्यावरच्या पदराचा विषय कशाला काढला असता?

आता मताचं. मंडळीत पहिल्यांदा माणसं निवडली गेली ती प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात. सात जण. ती निवडणूक कशामुळं झाली? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं म्हणून. विधवांची तक्रार आली, ती ऐकली गेली, आणि सगळ्या समुदायाला सांगितलं की तुमच्यातून निवडा. त्या विधवांच्या घरी कुटुंबप्रमुख कोण होता? घरटी एक मत करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. तुमच्या मंडळीत किती विधवा आहेत ते एकदा मोजा सिस्टर, आपल्याकडच्या मंडळ्यांत विधवा कमी नसतात.

एक_विश्वासू

मास्तर, तुमचा आदर ठेवून बोलतो. मी त्या बाजूचा आहे आणि उघड सांगतो.

मला बाईला कमी लेखायचं नाहीये. माझ्या आईनं मला प्रभूकडं आणलं, बापानं नाही. पण इफिस ५ मध्ये पती हा पत्नीचं मस्तक आहे असं लिहिलंय आणि मला ते वचन पुसता येत नाही, जगाला आवडो न आवडो. सरकारी निवडणुकीत बायकोनं मत द्यावं, माझी बायको देते, मी विचारत नाही कुणाला दिलं. पण मंडळी ही ग्रामपंचायत नाही. आमच्याकडं गेल्या दोन निवडणुकांत पॅनल पडली, जेवणावळी झाल्या, देवळाच्या जागेवरून कोर्टात गेले, सख्ख्या भावांनी बोलणं सोडलं. घरटी एक मत ठेवलं तर घर तरी एक राहील या भावनेनं तो ठराव आला असेल. त्यात वाईट हेतू बघू नका.

आणि मास्तर, त्या सात जणांना निवडा म्हणताना प्रेषित 'बंधुजनहो' म्हणतात आणि निवडलेले सातही पुरुषच आहेत, हेही वाचा की.

मास्तर_अंबड

वाचलंय. 'बंधुजनहो' म्हणून पौलानं लिहिलेली पत्रं सगळी मंडळी ऐकायची, बायका उठून बाहेर जात नव्हत्या. आणि रोमकरांस पत्र काढा, सोळावा अध्याय. पहिलंच नाव फिबीचं, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचाच आपण डीकन, म्हणजे मंडळीतला पदाधिकारी, करतो. ते पत्र रोमला तिनंच नेलं असं बरेच अभ्यासक मानतात. पुढं प्रिस्किल्ला, नवऱ्याच्या आधी तिचं नाव. इफिस ५ मध्ये बावीसच्या आधी एकविसावं वचनही आहे, एकमेकांच्या अधीन राहा. तिथून वाचायला सुरुवात करू.

पॅनलचं दुखणं मात्र खरंय, ते मला मान्य. पण जेवणावळी कुणी घातल्या हो? बायकांनी स्वयंपाक केला असेल, पैसे कुणी वाटले ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

पैठणगेट

व्हिडिओतल्या पास्टरबद्दल. हे म्हणणं नवीन नाहीये. १८३७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाच्या पाळकांनी एक पत्रक काढलतं, ग्रिम्के बहिणींच्या विरोधात. या दोघी गुलामगिरीविरुद्ध जाहीर भाषणं करायच्या, पुरुषही ऐकायला यायचे, ते पाळकांना खपलं नाही. थोरली सारा ग्रिम्के, तिनं त्याला बायबलातूनच उत्तर दिलं, पत्रांवर पत्रं लिहून. आणि गंमत नाही, फार विचार करायची गोष्ट आहे ही, की त्याच काँग्रिगेशनल पंथाच्या मिशननं १८२७ साली सिंथिया फरार नावाची बिनलग्नाची बाई एकटी मुंबईला पाठवली. तिनं आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई नगरला तिच्याकडंच शिकवण्याचं ट्रेनिंग घेऊन आल्या. म्हणजे एकाच पंथात बाईला गप्प करणारेही होते आणि बाईला समुद्रापार शिकवायला पाठवणारेही. आपण कोणत्या धाग्याला धरायचं ते आपल्याला ठरवायचंय.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं घेतल्याशिवाय हा विषय होऊच शकत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला त्यांचा. तिथं त्या शिकत होत्या, इंग्रज मुलांना शिकवायचा विषय निघाला तर बिशपांनी आडकाठी केली, की हिंदुस्थानी बाईनं पुरुषांना शिकवू नये. रमाबाईंनी ऐकून घेतलं नाही. आपल्या मानलेल्या आईला, सिस्टर जेराल्डिनला, त्यांनी पत्रात साफ लिहिलं की मी मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. विश्वास सोडला का त्यांनी? नाही. ख्रिस्त घट्ट धरला आणि जोखड नाकारलं. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या बायका प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यात रमाबाई होत्या. आणि मग केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, छपाईचे खिळे जुळवायला त्यांच्या मुक्ती मिशनच्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या.

ज्या भाषेत ते वडील मेंबर 'गप्प राहावे' वाचायलेत त्या भाषेत एका बाईनं अख्खं बायबल आणलंय, एवढं त्यांना सांगा.

लातूरकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, पण धागा वाचून राहवलं नाही. सिस्टर, हे फक्त तुमच्याकडंच आहे असं समजू नका. आमच्या गावात बाई सरपंच आहे, २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत म्हणून, पण खुर्चीवर तिचा नवरा बसतो आणि लोक त्यालाच सरपंचसाहेब म्हणतात. माझी बहीण दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल उठून बोलली तर मागून आवाज आला, दाजींना पाठवा. म्हणजे घरटी एक मत हा ठराव आमच्याकडं कुणी मांडला नाही, पण चालू आहे तो.

एक विचारायचंय, ख्रिस्ती मुलीला बापाच्या इस्टेटीत मुलाइतकाच वाटा असतो असं ऐकलंय, खरंय का?

पैठणगेट

खरंय दादा. १९२५ चा वारसा कायदा, त्यात मुलगा मुलगी फरक नाही. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्यानं ख्रिस्ती मुलींना फार कमी मिळायचं, ते मेरी रॉय बाईंनी सुप्रीम कोर्टात जाऊन १९८६ ला मोडलं. पण लगेच आम्ही पुढं आहोत असं म्हणणार नाही मी. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. २००१ मध्ये बदललं ते. सव्वाशेच्या वर वर्षं आपल्या बायकांनी काढली त्या कायद्याखाली.

बचतगटवाली_बीड

मला इतकं बायबल येत नाही, मी रविवारी पोरांना आवरून जाते तेव्हा अर्धं प्रवचन झालेलं असतं. पण मताचं मला कळतं कारण मी आडव्या बाटलीला मत दिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आधी पंचवीस टक्के बाई मतदारांच्या सह्या गोळा करून द्यायच्या, मग सह्या तपासतात, मग गुप्त मतदान, कागदावर एक उभी बाटली एक आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण नुसती आलेल्यांतली जास्त मतं चालत नाहीत, यादीत जितक्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत, म्हणजे जी बाई ऊसतोडीला गेलीय तिचं न दिलेलं मत पण दुकानदाराच्या बाजूला पडतं. आम्ही कारखान्यावरून बायका आणल्या टेम्पो करून. रात्री टोळीत जाऊन मुकादमाला सांगितलं की एक दिवस सोड. काही जणींचे नवरे दारातच बसले, आम्ही म्हणलं बसा, चिठ्ठी तर ती एकटीच टाकणार. घरटी एक मत असतं तर ते दुकान अजून चालू असतं, कारण घराघरात पिणाराच कुटुंबप्रमुख होता.

मंडळीतल्या बायका त्यात सगळ्यात पुढं होत्या हे अभिमानानं सांगते. सह्या घ्यायला निघायच्या आधी आम्ही गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आमच्या बरोबरच्या बाकीच्या बायका पण हात जोडून उभ्या राहिल्या.

मास्तर_अंबड

ताई, तुम्ही जे केलं तसंच न्यूझीलंडच्या बायकांनी केलं. तिकडं केट शेपर्ड नावाची बाई आणि ख्रिस्ती बायकांची दारूबंदीची संघटना. त्यांना आधी दारू बंद व्हावी एवढंच पाहिजे होतं. कळलं की मत नाही तर कुणी ऐकत नाही. मग सह्या. १८९३ मध्ये जवळजवळ ३२,००० सह्या झाल्या, कागद एकाला एक चिकटवून एवढी मोठी गुंडाळी केली की संसदेत ती जमिनीवर उलगडत नेली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कायदा झाला आणि न्यूझीलंड बायकांना मत देणारा पहिला देश ठरला. आपल्या रमाबाईंनी अमेरिकेत असताना याच संघटनेचं काम जवळून बघितलं आणि इकडं तिचं कामही केलं. देवळाच्या बाकावरून उठून त्या बायका मतपेटीपर्यंत गेल्या, देवळाच्या विरोधात जाऊन नाही.

कॅथलिक_भाऊ

आमच्याकडं बाई फादर होत नाही, त्यात मी इथं पडत नाही. पण रोममध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात सिनडची, म्हणजे जगभरच्या बिशपांची, सभा झाली त्यात पहिल्यांदा बायकांनी मत दिलं, पन्नासच्या वर होत्या. त्याच्या आधी बायका बोलायच्या पण मताच्या वेळी हात पुरुषांचेच. आमच्या चर्चमधल्या सिस्टरनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

अजून एक. घटना लिहिणाऱ्या सभेत ॲनी मास्करेन होत्या, त्रावणकोरच्या कॅथलिक, मग पहिल्या लोकसभेत अपक्ष निवडून आल्या. राजकुमारी अमृत कौर पण ख्रिस्ती घरातल्या. त्याच सभेत अल्पसंख्याकांच्या कमिटीचे अध्यक्ष होते एच. सी. मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती, आणि आपल्या समाजानं विधिमंडळातल्या राखीव जागा आपण होऊन सोडल्या. आम्हाला वेगळी जागा नको, बरोबरीचं मत पुरे, असं म्हणून. आता मराठवाड्यात आपण आहोत किती? तालुक्याला मूठभर घरं. त्यात पुन्हा ख्रिस्ती दलितांना एससीत न धरणाऱ्या १९५० च्या आदेशामुळं आपल्यातल्या दलितांना एससीच्या जागेवर उभंही राहता येत नाही. आपल्या हातात आहे ते एकेक मत. त्यातलं निम्मं आपणच घरात गुंडाळून ठेवायचं?

एक_विश्वासू

बीडच्या ताईंचं वाचलं आणि थांबलो. पिणारा कुटुंबप्रमुख, हे मी धरलंच नव्हतं. माझ्या आईच्या घरी तसंच होतं. माझं मस्तकाबद्दलचं मत बदललेलं नाही, ते वचन आहे. पण घरटी एक मत हे वचनात कुठंच नाही हे मात्र मला मान्य करावं लागेल, मी काल रात्री शोधलं. कुणाला सापडलं तर दाखवा.

जालन्याची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, मध्ये नाईट लागल्या म्हणून लिहायचं राहिलं.

सभा परत झाली. यावेळी मी गप्प बसले नाही, पण बोलायच्या ऐवजी वाचलं. बायबलातल्या गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांपुढं उभ्या राहतात आणि म्हणतात आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या. मोशे त्यांना तिथल्या तिथं उत्तर देत नाही, देवापुढं नेतो. आणि देव म्हणतो, त्या म्हणतात ते ठीक आहे. एवढं वाचून बसले. एक वडील म्हणले की छत्तिसाव्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट पण आहे. मी म्हणलं हो आहे, पण वतन काढून घेतलेलं नाही.

ठरावावर बरंच झालं. कोण काय बोललं ते लिहीत नाही. शेवटी पास्टर म्हणले, आहे तसंच राहू द्या, प्रत्येक प्रभुभोजन घेणाऱ्या मेंबरला मत, आणि यादी बोर्डावर लावा. यादी लागली तर त्यात चौदा बायकांच्या नावाच्या जागी 'श्री. अमुक यांच्या पत्नी' एवढंच. म्हणून गेल्या दोन रविवारी मी, माझी मुलगी आणि आणखी दोघी जणी घरोघर फिरतोय, बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर पास्टरकडून मागून घेऊन. तेरा झाल्या. एक बाई राहिलत्या, देवळामागच्या गल्लीत, वय ऐंशीच्या पुढं, सगळे त्यांना थोरल्याची माय म्हणतात. त्यांना स्वतःचं नाव आठवेना. नवरा कधीच गेला, भाऊ गेले, नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही. सून म्हणली आम्हाला पण माहीत नाही.

माझ्या मुलीनं रजिस्टरची पानं उलटली, शाई फिकट, कागदाचे तुकडे पडायलेत, आणि सापडलं. तिनं वाचून दाखवलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणल्या, परत वाच गं. तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा त्या स्वतःच म्हणल्या ते नाव, हळू, आणि मग सुनेकडं बघून म्हणल्या, हे लिहून घ्यायला सांग त्यांना.

लिहून घेतलं. मतदान पुढच्या रविवारी, उपासनेनंतर. मी ड्युटी बदलून घेतलीय.